कथेला चेहरा देणारे चित्रकार

वाङ्मयाचा इतिहास लिहितांना लेखकाचें नांव, ग्रंथाचें नांव आणि प्रकाशनाचें साल एवढ्यावर आपलें समाधान होतें. परंतु घरांतील वडीलधाऱ्यांस एखाद्या जुन्या कथेविषयीं विचारावें, तर पुष्कळदां त्यांना प्रथम आठवतें तें तिच्यासोबतचें चित्र. तें कोणीं काढलें, हें मात्र सांगतां येत नाहीं. या विसरलेल्या ऋणाचा थोडा हिशेब मांडण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

लेखक आधीं व चित्रकार मागाहून, असा क्रम आपण गृहीत धरतों. पण तो सर्वत्र खरा नाहीं. १८३६ सालीं इंग्लंडांत रॉबर्ट सीमोर या चित्रकाराच्या विनोदी चित्रांना जोड म्हणून मजकूर लिहिण्यास चोवीस वर्षांच्या चार्ल्स डिकन्सला पाचारण करण्यांत आलें. त्यांतून ‘पिकविक पेपर्स’ ही कादंबरी मासिक भागांनीं निघूं लागली. पिकविकची ती लठ्ठ, चष्मा लावलेली मूर्ति सीमोरनेंच प्रथम रेखाटली. दुसरा भाग बाहेर पडण्यापूर्वींच त्यानें आत्महत्या केली. पुढें हॅब्लो ब्राऊन यानें ‘फिझ’ या टोपणनांवानें चित्रांचें काम चालविलें. कादंबरी अजरामर झाली. सीमोरचें नांव मात्र जाणकारांपुरतेंच उरलें.

आपल्याकडे या कलेला मानाचें स्थान देणाऱ्यांत कोल्हापूरचे महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) अग्रभागीं होते. १८९० सालीं ते मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत आले, आणि तेथील एकेचाळीस वर्षांच्या आठवणी त्यांनीं पुढें ग्रंथरूपानें लिहिल्या. सनदी अधिकारी किंकेड यांनीं आपल्या वारांच्या व व्रतांच्या कहाण्या इंग्रजींत आणल्या; ‘डेक्कन नर्सरी टेल्स’ या नांवानें १९१४ सालीं निघालेल्या त्या पुस्तकाला धुरंधरांचीं चित्रें आहेत. पाटावर बसून कानांनीं ऐकावयाच्या या कहाण्या. त्यांतील राजाराणीला ठरलेला चेहरा नव्हता. तो धुरंधरांना द्यावा लागला, आणि तोही परक्या वाचकाला पटेल असा.

हें काम दिसतें तितकें सोपें नसे. सबंध कथेंतून एकच क्षण निवडावयाचा, आणि तो असा कीं शेवट आधींच उघडा पडूं नये. शिवाय छपाईचें बंधन होतेंच. शाईच्या रेघांचें चित्र जस्ताच्या पत्र्यावर उतरवून, भोंवतालचा भाग तेजाबानें खाऊन टाकीत आणि तो ठोकळा खिळ्यांच्या उंचीचा करून मजकुराबरोबरच छापीत. छायाप्रकाशाच्या चित्राला मात्र जाळीतून छायाचित्र घेऊन बारीक ठिपक्यांचा ब्लॉक करावा लागे, आणि त्यास गुळगुळीत कागद हवा. म्हणून कथेंत बहुधा रेघ आली आणि रंग मुखपृष्ठावर गेले.

त्या मुखपृष्ठांवर गोमंतकाच्या दोघां सुपुत्रांनीं राज्य केलें. दीनानाथ दलाल (१९१६–१९७१) यांनीं १९४५ सालीं ‘दीपावली’ हें वार्षिक स्वतःच काढलें. चित्रकारच संपादकाच्या खुर्चींत बसल्यामुळें चित्र हें मजकुराचें आश्रित राहिलें नाहीं. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘राजा शिवछत्रपति’ ग्रंथांतील त्यांच्या चित्रांनीं अनेकांच्या मनांत शिवकाल उभा केला. रघुवीर मुळगांवकर (१९१८–१९७६) यांनीं बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांचीं मुखपृष्ठें रंगविलीं. अर्नाळकरांच्या कथांची संख्या हजारावर गेली. ‘झुंजार’ आणि ‘काळा पहाड’ यांचीं नांवें त्यांनीं घरोघर पोंचविलीं, तर त्यांना डोळ्यांपुढें उभें केलें तें मुळगांवकरांच्या कुंचल्यानें.

खिळ्यांची छपाई मागें पडली तसे जस्ताचे ठोकळे मोडींत गेले. एकदां ब्लॉक तयार झाला कीं मूळ चित्राची चौकशी सहसा कोणी करीत नसे. लेखकाचें पुस्तक पुन्हां छापलें जातें. पण नव्या आवृत्तींत जुनीं चित्रें वगळलीं, कीं चित्रकाराचें काम त्या पहिल्या प्रतींतच उरतें. आणि ती प्रत बहुधा कोणाच्या तरी माळ्यावरच्या ट्रंकेंत असते.

म्हणून ज्ञातिबंधुभगिनींस आमची एवढीच विनंती आहे. दिवाळीची झाडलोट करतांना जुने अंक व पुस्तकें रद्दींत घालण्यापूर्वीं एकदां उघडून पाहावीं. चित्राच्या कोपऱ्यांत बारीक अक्षरांत एक सही असते. ती मुलांना वाचून दाखवावी, आणि लेखकाबरोबर तेंही नांव त्यांना सांगावें.