मांडीवर आडवी गिटार

कडा स्टेशनच्या फलाटावर तुम्ही उभे आहात. उन्हं कलली आहेत. इथून जाणारी नगर ते आष्टी ही प्रवासी गाडी सुरू झाली २३ सप्टेंबर २०२२ रोजी; त्याआधीच्या कित्येक पिढ्यांनी या शिवारात रेल्वेची नुसती वाट पाहिली. रुळाशेजारच्या खडीत एक सुटा बोल्ट पडला आहे. वाकून उचला. ऊन खाऊन तापलाय, हातात चांगलाच जड लागतो.

मान वर करता, तर समोर शिवार नाही, समुद्र आहे. हवाई बेटांपैकी ओआहू, साल १८८९च्या आसपासचं. लाइए गावचा जोसेफ केकुकू हा शाळकरी पोरगा गिटार घेऊन रुळांवरून चाललाय. तोही वाकतो, बोल्ट उचलतो आणि तारेवरून सरकवतो. तार एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारत नाही, घसरत जाते. ही कथा अशीच सांगतात. याच बेटांवर गेब्रियल डेव्हियन नावाचा हिंदुस्थानात जन्मलेला एक खलाशी त्याच्याही आधी असं वाजवायचा, असंही सांगणारे आहेत. मला ते अशक्य वाटत नाही. तारेवर गोटा फिरवून विचित्र वीणा वाजवणारा आपला देश आहे.

पुढे चला. १९४०च्या दशकातलं कलकत्ता. हवाईयन कलावंत टाउ मो आपल्या कुटुंबासह इथं मुक्कामाला आहेत, वाजवतात आणि शिकवतातही. हवाईयन गिटार बंगाली घरांत शिरते. नंतर मुंबईत व्हॅन शिपले तिच्यावर हिंदी सिनेमाची गाणी वाजवतात आणि त्या तबकड्या गावोगाव पोचतात. इथं फार थांबू नका, कारण खरी जागा पुढे आहे.

साल १९६७, मुंबई, एचएमव्हीचा स्टुडिओ. दार हळू लावा, ध्वनिमुद्रण चालू आहे. संतूरवर शिवकुमार शर्मा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि गिटारवर ब्रिजभूषण काब्रा. तिघेही तिशीच्या उंबरठ्यावर. तबल्याला माणिकराव पोपटकर. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी ज्यांची कल्पना, ते कंपनीचे जी. एन. जोशी. होय, ना. घ. देशपांड्यांच्या ‘शीळ’ला चाल लावून ती गाणारे, मराठी भावगीताची वाट पाडणारे तेच. काश्मिरातल्या एका मेंढपाळाचा दिवस रागांतून सांगायचा, पहाटेच्या अहिर भैरवापासून पहाडीपर्यंत.

काब्रांच्या जवळ सरका. जोधपूरचा हा माणूस. गिटारचा हट्ट धरला तेव्हा वडिलांनी अट घातली, वाजवायचं तर आपलं शास्त्रीय संगीतच. मग तालीम मिळाली अली अकबर खाँसाहेबांची. गिटार मांडीवर आडवी आहे. मानेच्या टोकाची पट्टी उंच केल्यामुळे तारा पडद्यांपासून वर उचलल्या गेल्यात. पडदे आता फक्त खुणेपुरते. उजव्या हाताच्या बोटांत नख्या, बाजूला चिकारी. डाव्या हातात गुळगुळीत पोलादी कांडी. ती बरोबर जागेवर आली तर सूर, केसभर मागे राहिली तर बेसूर. झरझर तान घेणं या वाद्यावर महाकठीण, कारण प्रत्येक सुरासाठी अख्खी कांडी हलवावी लागते. पण मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सलग घसरणं? ती मात्र तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, मध्ये कुठेही न तुटता.

आता तिघांना एकत्र ऐका. संतूरचा सूर आघाताने उमटतो आणि लगेच विरायला लागतो. बासरीचा सूर श्वासावर टिकतो. गिटार या दोघांच्या मधली जागा धरते. तिला आघातही आहे आणि आसही. ही तबकडी पुढे जॉर्ज हॅरिसनपर्यंत पोचली. १९९४ साली विश्वमोहन भट्टांना ग्रॅमी मिळालं, तेही मांडीवरच्या गिटारीतूनच घडवलेल्या मोहनवीणेवर. पण शास्त्रीय मैफलीत गिटारला हक्काची जागा मिळवून दिली ती काब्रांनी, असं माझं ठाम मत आहे. २०१८ साली ते गेले तेव्हा त्यांच्यावर मराठीत जेवढं लिहून यायला हवं होतं, तेवढं आलं नाही. आणि जोशी-पोपटकर ही आपली माणसं, त्यांचीही नावं या तबकडीबरोबर आपण घ्यायला हवीत.

परत कड्याला आलात की एक करा. कालांतराने गिटारीची मान वाकते, तारा वर उचलल्या जातात, मग बोटांनी दाबवत नाहीत म्हणून पोरं ती माळ्यावर टाकतात. मांडीवर वाजवायला नेमक्या अशाच उचललेल्या तारा लागतात. तुमच्याकडे अशी गिटार पडून असेल, तर भंगारात देऊ नका. आडवी घ्या, गुळगुळीत पोलादी नळीचा तुकडा तारेवर ठेवा आणि सा ते रे एवढंच अंतर सावकाश पार करून बघा.