बाँबर विमाने आणि बाहेर पडण्याचे दार

जगातले सर्वांत थोर बाँबर विमान कोणते, हा वाद दुसरे महायुद्ध संपले तेव्हापासून चालू आहे आणि मिटण्याचे लक्षण नाही. इंग्रज म्हणतो लँकेस्टर, अमेरिकन म्हणतो बी-१७ नाहीतर बी-२९, आणि तरुण मंडळी बी-५२ चे नाव घेतात. आपल्या इस्राएलात तर घरोघरी कोणीतरी सैन्यात जाऊन आलेला असतो; त्यामुळे शब्बाथच्या जेवणानंतर हा वाद आम्हां बायकांच्याही कानांवरून जातो. वाद घालणारे वेग, उंची, पल्ला आणि बाँबचे वजन यांचे आकडे तोंडपाठ म्हणून दाखवतात. आत बसलेल्या माणसांचे पुढे काय झाले, हे मात्र क्वचितच कोणी सांगतो. आम्ही तीस-बत्तीस वर्षे नर्सचे काम केले, त्यातली काही वर्षे भाजलेल्यांच्या वॉर्डात. त्यामुळे आमची नजर आधी माणसांच्या आकड्याकडे जाते. त्या मापाने मोजले तर यादी पार बदलते, हे वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच.

प्रथम लँकेस्टर घेऊ, कारण त्याचे भक्त सर्वांत जास्त. हे विमान जानेवारी १९४१ मध्ये पहिल्यांदा उडाले. एकंदर ७,३७७ बांधली गेली. चार इंजिने, सात माणसे, आणि बाँबचे पोट इतके लांबरुंद की युद्धाच्या अखेरीस २२,००० पौंडांचा एकच बाँब त्याने नेऊन टाकला. मे १९४३ मध्ये जर्मनीची धरणे फोडली ती यानेच. हे सगळे मान्य. पण ब्रिटिश बाँबर कमांडमध्ये उडणारे सुमारे १,२५,००० लोक होते आणि त्यांतले ५५,५७३ मेले. सगळ्याच जातींच्या विमानांतले हे मृत्यू असले तरी युद्धाच्या उत्तरार्धात मुख्य भार लँकेस्टरवर होता. एका वैमानिकाला सुटी मिळण्याआधी तीस फेऱ्या कराव्या लागत. १९४३-४४ च्या हिवाळ्यात बर्लिनवर जाणाऱ्या विमानांपैकी शंभरामागे पाचाहून अधिक परत येत नसत. पाचच धरली तरी, हिशेब करून पाहा, तीस फेऱ्यांनंतर शंभरातले एकवीस उरतात.

आता दाराची गोष्ट. बाँबर कमांडच्या संशोधन विभागात त्या वेळी फ्रीमन डायसन नावाचा एक तरुण गणिती काम करत होता. पुढे तो फार मोठा शास्त्रज्ञ म्हणून गाजला. विमान पडल्यावर पॅरॅशूटने उडी मारून किती जण वाचतात, याचे आकडे त्या विभागाने काढले. दिवसा उडणारी अमेरिकन विमाने पडली तर सुमारे निम्मे लोक वाचत. हॅलिफॅक्स या दुसऱ्या इंग्रज विमानातून सुमारे चौथा हिस्सा. आणि लँकेस्टरमधून शंभरात फक्त पंधरा. रात्रीचा अंधार हे एक कारण होतेच, पण हॅलिफॅक्सही रात्रीच उडत असे. मग फरक कशाचा? लँकेस्टरच्या नाकाशी, खालच्या बाजूस, बाहेर पडण्याचे जे दार होते त्याची रुंदी २२ इंच होती. हॅलिफॅक्सचे दार दोन इंच मोठे.

शिवणाच्या टेपने २२ इंच मोजून पाहावेत. त्यातून जाडजूड लोकरी कपडे घातलेला, छातीवर पॅरॅशूट बांधलेला माणूस, अंधारात, गरगरत खाली जाणाऱ्या विमानातून बाहेर काढायचा! डायसनच्या एका सहकाऱ्याने दार रुंद करण्यासाठी दोन वर्षे पाठपुरावा केला. मंजुरी मिळून बदल होईतो युद्ध संपत आले होते. लँकेस्टर हॅलिफॅक्सपेक्षा कमी वेळा पडे, असे त्याचे भक्त लगेच सांगतील, आणि ते खरेही आहे. पण पडल्यावर आतला मुलगा मरावा की जगावा, हे दोन इंचांवर ठरत असेल तर त्या विमानाला पहिला नंबर देताना आमचा हात अडखळतो.

बी-१७ बद्दल आपल्या लोकांना वेगळी आपुलकी आहे. इस्राएल राष्ट्र जन्मले त्याच वर्षी अमेरिकेतून तीन बी-१७ विमाने गुपचूप बाहेर काढून चेकोस्लोव्हाकियात आणली गेली, आणि १५ जुलै १९४८ रोजी तिथून निघून इकडे येता येता एकाने कैरोवर बाँब टाकले. त्यांतूनच ६९ वी तुकडी उभी राहिली आणि तिने ‘हातोडे’ हे नाव घेतले. १९५६ च्या सिनाईच्या लढाईतही ही जुनी विमाने उडाली. बी-१७ एकंदर १२,७३१ झाली. अमेरिकनांनी त्यात दहा माणसे आणि भरपूर बंदुका घालून त्यांना उडते किल्ले म्हटले. पण बंदुकांनी किल्ला वाचत नाही हे १४ ऑक्टोबर १९४३ रोजी श्वाइनफुर्टवर दिसले. निघालेल्या २९१ पैकी ६० विमाने एका दिवसात गेली, म्हणजे सहाशे माणसे. त्यांतले पुष्कळ जण उड्या मारून कैदेत गेले आणि युद्धानंतर आईबापांना भेटले, एवढे मात्र या विमानाच्या बाजूने लिहिले पाहिजे.

आमचे स्वतःचे मत मॉस्किटोला आहे. हे दोन इंजिनांचे, लाकडाचे विमान. ब्रिटनमधल्या सुतारांनी आणि फर्निचरच्या कारखान्यांनी याचे भाग केले. बाँबर म्हणून जे मॉस्किटो होते त्यांत एकही बंदूक नव्हती. वेग हेच त्यांचे रक्षण. युद्धाच्या शेवटच्या दीड वर्षात दोन माणसे बसलेले मॉस्किटो ४,००० पौंडांचा एक बाँब बर्लिनपर्यंत नेऊन टाकत असे. दहा माणसांचे बी-१७ तेवढ्या लांब जवळपास तेवढेच वजन नेई. म्हणजे विमान पडलेच तर एकीकडे दोन घरांत रडारड आणि दुसरीकडे दहा. शिवाय मॉस्किटो पडतच कमी. शंभर फेऱ्यांमागे एकाहूनही कमी विमाने जात. बाँबर कमांडमध्ये इतका कमी नाश दुसऱ्या कुठल्याच विमानाचा नव्हता.

एक दोष सांगितला पाहिजे. हेच विमान हिंदुस्थानात आणि ब्रह्मदेशाच्या आघाडीवर नेले तेव्हा उष्ण, दमट हवेत काहींच्या पंखांचे डिंकाने जोडलेले सांधे सुटले, माणसे मेली, आणि १९४४ च्या अखेरीस उड्डाणे थांबवून सगळी विमाने तपासावी लागली. कोकणातल्या पावसाळ्यात ज्यांच्या घरची लाकडी कपाटे फुगली त्यांना हे नव्याने सांगायला नको.

ज्यांची उडी साधली पण आगीतून निघायला उशीर झाला, त्यांचे काय झाले? इंग्लंडात ईस्ट ग्रिन्स्टेड नावाचे छोटे गाव आहे. तिथल्या क्वीन व्हिक्टोरिया हॉस्पिटलात आर्चिबाल्ड मॅकिन्डो हे न्यूझीलंडमध्ये जन्मलेले सर्जन जळालेल्या वैमानिकांवर शस्त्रक्रिया करीत. त्या काळी भाजलेल्या कातडीवर टॅनिक अॅसिड लावण्याची पद्धत होती. त्याने जखमेवर कडक खपली धरे. पण हातावर धरली की बोटे आखडून जात आणि पापण्यांवर धरली की डोळा मिटत नसे. जे वैमानिक समुद्रात पडले होते त्यांच्या जखमा अधिक चांगल्या भरतात, हे मॅकिन्डोंच्या ध्यानात आले. त्यांनी टॅनिक अॅसिड बंद करायला लावले आणि रोग्यांना कोमट मिठाच्या पाण्याच्या टबात बसवायला सुरुवात केली. भाजलेल्याचे चिकटलेले ड्रेसिंग कोरडे ओढून काढणे आणि पाण्यात भिजवून अलगद सोडवणे यांतला फरक ज्या नर्सने एकदा पाहिला आहे, तिला या टबाची किंमत वेगळी सांगावी लागणार नाही.

त्या वॉर्डात बिअरचे पिंप ठेवलेले असे, आणि रोग्यांना हॉस्पिटलचे निळे कपडे न घालता आपला गणवेश घालायची मुभा होती. चेहरा नसलेली ही मुले गावात फिरायला जात. लोकांनी त्यांच्याकडे टक लावून पाहू नये, असे गावाला आधीच सांगून ठेवले होते, आणि गावाने ते पाळले. १९४१ साली या रोग्यांनी आपला एक क्लब काढला आणि त्याला ‘गिनी पिग क्लब’ असे नाव दिले, कारण प्रयोग त्यांच्यावरच चालले होते. खजिनदार म्हणून ज्याचे पाय भाजले होते तो निवडला, म्हणजे पैसे घेऊन पळायला नको! चिटणीस निवडला तो बोटे भाजलेला, म्हणजे इतिवृत्त लांबायला नको. युद्ध संपेपर्यंत क्लबाचे ६४९ सभासद झाले. सुरुवातीला लढाऊ विमानांचे वैमानिक जास्त होते. शेवटी बहुतेक सगळे बाँबरमधले.

बी-२९ विषयी आम्ही फार लिहिणार नाही. ६ ऑगस्ट १९४५ रोजी हिरोशिमावर गेलेल्या विमानातले बाराही जण सुखरूप परत आले, तेव्हा आमच्या मापाने ते उत्तम ठरायला हवे. पण खाली त्या शहरात १,७८० नर्सेस होत्या. त्यांतल्या १,६५४ मेल्या किंवा काम करण्याच्या स्थितीत उरल्या नाहीत. म्हणून आमच्या यादीत बी-२९ नाही. बी-५२ ची गोष्टही तशीच. १९५२ साली पहिल्यांदा उडालेले, १९६२ मध्ये शेवटचे बांधलेले हे विमान आजही उडते, हे यंत्रविद्येचे नवलच म्हणायचे. पण २२ डिसेंबर १९७२ रोजी हानोईच्या बाख माई हॉस्पिटलावर त्यातून बाँब पडले आणि तिथले २८ कर्मचारी मेले.

दाराचा धडा इंग्रजांनी घेतला असेल असे वाटते, पण नाही. त्यांच्या व्हल्कन या मोठ्या जेट बाँबरमध्ये पुढच्या दोन वैमानिकांना बाहेर फेकणाऱ्या खुर्च्या दिल्या आणि मागे बसणाऱ्या तिघांना दिल्या नाहीत. १ ऑक्टोबर १९५६ रोजी लंडनच्या हीथ्रो विमानतळावर एक व्हल्कन पडले. पुढचे दोघे खुर्च्यांसह बाहेर फेकले जाऊन वाचले आणि उरलेले चौघे जागीच गेले. मागच्यांनाही तशा खुर्च्या बसवता येतात, हे पुढे १९६० साली प्रत्यक्ष करून दाखवण्यात आले होते. तरी व्हल्कनमध्ये त्या कधीच बसवल्या नाहीत.

आता पुणेकर वाचकांसाठी कॅनबेरा. आम्ही रास्ता पेठेत वाढलो; लोहगावहून उडालेल्या विमानांचा आवाज आमच्या अभ्यासात रोजचाच होता आणि १९७१ च्या डिसेंबरात तर खिडक्यांना काळे कागद लावून आम्ही तो ऐकला. त्याआधी लोहगावला लिबरेटर होती. इंग्रज जाताना ती कानपूरला मोडून टाकून गेले होते. भारतीय कारागिरांनी ती पुन्हा जोडून १९६८ पर्यंत उडवली. कॅनबेरा ही मॉस्किटोचीच लेक म्हणावी लागेल: मूळ आराखड्यात बंदूक नाही, भरवसा वेगावर आणि उंचीवर. भारताने ती १९५७ मध्ये घेतली आणि २००७ मध्ये निवृत्त केली. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून गेलेल्या बारा कॅनबेरांनी गोव्यात दाबोळीची धावपट्टी उखडली, आणि तिथे उभी असलेली दोन प्रवासी विमाने जशीच्या तशी राहिली. पण दाराचे दुखणे हिलाही होते. भारताकडच्या बाँबर कॅनबेरांत फेकणारी खुर्ची फक्त वैमानिकाला होती. पुढे नाकात पडून निशाणा धरणाऱ्या नॅव्हिगेटरला संकटात स्वतः उठून दारापर्यंत जावे लागे.

तेव्हा आमचा क्रम असा: मॉस्किटो पहिले, कॅनबेरा दुसरे, बी-१७ तिसरे आणि लँकेस्टर चौथे. नातवंडांना तो मुळीच पटत नाही. आपल्या वाचकांत लोहगावला किंवा आग्र्याला विमानदलात नोकरी केलेले, कॅनबेराच्या दुरुस्तीत हात काळे केलेले कोणी असतील, तर नॅव्हिगेटरला त्या दारातून बाहेर पडायला किती वेळ लागे, हे त्यांनी संपादकांना जरूर लिहून कळवावे.