ग्रेव्हिलिया आणि दख्खनची माती : एका शोभिवंत झुडपाच्या लागवडीचा इतिहास (आष्टी तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

उद्यानविद्येचा इतिहास बहुधा राजवाडे, मोठी उद्याने आणि त्यांचे आश्रयदाते यांच्या अंगाने लिहिला जातो. झाडाची निगा हा त्यातील दुय्यम भाग समजला जातो. परंतु एखादे परदेशी झुडूप एका प्रदेशात का रुजले आणि दुसऱ्या प्रदेशात का वाळून गेले, हा प्रश्न मुळात ऐतिहासिक आहे. झाड आपल्या मूळ भूमीच्या सवयी घेऊन येते आणि माणूस आपल्या शेतीच्या सवयी त्याच्यावर लादतो. या दोहोंचा मेळ बसला तर झाड जगते. प्रस्तुत लेखात प्रोटिएसी या कुलातील ग्रेव्हिलिया या शोभिवंत वंशाच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. बीड जिल्ह्यातील आष्टी या अवर्षणप्रवण तालुक्याच्या भूमीला या इतिहासातून कोणता बोध घेता येईल, हेही पाहिले आहे.

कुलाचे नाव आणि श्रेयाचा वाद

प्रोटिएसी हे प्रामुख्याने दक्षिण गोलार्धातील कुल आहे. दक्षिण आफ्रिकेचा केप प्रांत आणि ऑस्ट्रेलिया ही त्याची दोन मुख्य माहेरघरे होत. भारतात या कुलातील हेलिसिया वंशाच्या काही जाती ईशान्येकडील ओल्या डोंगरांत नैसर्गिकरीत्या आढळतात. लिनियसने १७३५ साली प्रोटिया हे नाव योजले, ते ग्रीक पुराणातील प्रोटियस या रूपे पालटणाऱ्या सागरदेवतेवरून. कुलातील वनस्पतींच्या रूपांचे वैविध्य पाहता ते सार्थ आहे.

ग्रेव्हिलिया वंशाचे नाव चार्ल्स फ्रान्सिस ग्रेव्हिल (१७४९-१८०९) याच्या स्मरणार्थ आहे. १८०४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या उद्यानविद्या संस्थेच्या संस्थापकांपैकी तो एक होता. या नावामागे एक उद्बोधक वाद आहे. रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०१ ते १८०५ या काळात मॅथ्यू फ्लिंडर्सच्या मोहिमेबरोबर ऑस्ट्रेलियाच्या वनस्पतींचा अभ्यास केला आणि १८०९ च्या आरंभी लिनियन सोसायटीपुढे प्रोटिएसी कुलावरील आपला निबंध वाचला. तो १८१० साली छापला गेला. त्याआधीच, १८०९ मध्ये, जोसेफ नाइट या माळ्याच्या नावाने याच कुलाच्या लागवडीवर एक पुस्तक प्रसिद्ध झाले. लागवडीचा भाग त्यात थोड्याच पानांचा होता. उरलेले वर्गीकरण रिचर्ड सॅलिसबरी याने लिहिले असून ब्राऊनच्या वाचनातून ऐकलेली नावे त्यात वापरली, असा आरोप झाला. समकालीन शास्त्रज्ञांनी सॅलिसबरीकडे पाठ फिरविली. पुढे नामकरणाच्या नियमांनी तडजोड केली. आज या वंशाच्या नावापुढे ब्राऊन आणि नाइट या दोघांचीही नावे लिहिली जातात.

या वादात एक गोष्ट झाकोळून गेली. नाइटचे लागवडीचे ज्ञान उसने नव्हते. ही झाडे वर्षानुवर्षे हाताळून त्याने ते मिळविले होते.

लंडनच्या काचघरांतील उदय आणि ऱ्हास

नाइट हा जॉर्ज हिबर्ट या लंडनच्या व्यापाऱ्याचा माळी होता. हिबर्टची संपत्ती वेस्ट इंडीजच्या साखर व्यापारातून आली होती आणि गुलामगिरीच्या समर्थकांत तो अग्रणी होता. त्याच्या क्लॅफम येथील बागेत या कुलातील दोनशेहून अधिक जाती होत्या. शोभेच्या बागेमागे साम्राज्याची आणि शोषणाची अर्थव्यवस्था कशी उभी होती, याचे हे बोलके उदाहरण होय.

एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ही झाडे इंग्लंडमध्ये अतिशय लोकप्रिय होती. नंतर मात्र ती बागांतून झपाट्याने दिसेनाशी झाली. याचे एक प्रमुख कारण काचघरे उबदार ठेवण्याच्या पद्धतीतील बदल हे मानले जाते. पूर्वी भिंतीतील धुराड्यांच्या कोरड्या उष्णतेवर काचघरे तापविली जात. पुढे वाफ आणि गरम पाण्याचे नळ आले, हवा दमट झाली आणि नेचे, आमरे व उष्णकटिबंधीय झाडे लावण्याची टूम निघाली. कोरडी, खेळती हवा मागणारी प्रोटिएसी कुलातील झाडे त्या दमटपणात कुजली. सुधारित तंत्र आले आणि झाडे गेली, असा हा विरोधाभास आहे.

भारतातील आगमन

भारतात या कुलातील सर्वाधिक परिचित झाड म्हणजे सिल्व्हर ओक, शास्त्रीय नाव ग्रेव्हिलिया रोबस्टा. ॲलन कनिंगहॅम याने पूर्व ऑस्ट्रेलियातून संग्रहित केलेल्या या जातीचे वर्णन ब्राऊनने १८३० साली प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हे झाड भारत व श्रीलंकेत आले. चहा-कॉफीच्या मळ्यांत सावलीसाठी ते मोठ्या प्रमाणावर लावले गेले आणि आजही कोडगू व वायनाडमध्ये मिरीचे वेल त्यावर चढविलेले दिसतात. ओक वृक्षाशी त्याचे काहीही नाते नाही. लाकडाच्या पोतातील साम्य आणि पानांची रुपेरी खालची बाजू एवढ्यावरून हे नाव पडले. मराठी वृत्तपत्रांच्या वाचकाला ते नाव शरद पवार यांच्या मुंबईतील निवासस्थानामुळे ठाऊक असते. झाड मात्र क्वचितच ओळखीचे असते.

पश्चिम भारतात परदेशी वनस्पतींच्या चाचणीची व्यवस्था पुण्याभोवती उभी राहिली. सर जॉन माल्कम गव्हर्नर असताना, १८२८ च्या सुमारास, दापोडी येथे वनस्पती उद्यान सुरू झाले. १८३८ पासून त्याची जबाबदारी डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांच्याकडे होती. जुन्नरजवळील हिवरे येथेही त्यांनी उद्यान चालविले. डॅल्झेल व गिब्सन यांच्या १८६१ मधील मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथात बाहेरून आणलेल्या झाडांसाठी स्वतंत्र पुरवणी आहे. दापोडीचे उद्यान बंद झाल्यानंतर १८७३ मध्ये गणेशखिंड येथे नवे उद्यान उभारले गेले. २०२० साली त्याला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला.

आष्टीचा प्रदेश या व्यवस्थेच्या सीमेबाहेर राहिला. शेजारचा नगर जिल्हा ब्रिटिश मुंबई इलाख्यात, तर आष्टी निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बीड जिल्ह्यात होते. १७ सप्टेंबर १९४८ रोजी संस्थान मुक्त झाले आणि १९५६ च्या पुनर्रचनेत मराठवाडा मुंबई राज्यात आला. पुण्याच्या उद्यानांत जमलेला रोपांच्या निगेचा अनुभव या भागात सहज पोहोचावा, अशी राजकीय परिस्थिती दीर्घकाळ नव्हती. पुढे १९८२ मध्ये राज्यात सामाजिक वनीकरण विभाग सुरू झाल्यानंतर रोपवाटिकांमधून परदेशी जातींची रोपे खेड्यापाड्यांत पोहोचली. फळबागांभोवती वारा अडविण्यासाठी सिल्व्हर ओक लावण्याची शिफारसही होऊ लागली. रोप आले, त्याच्या सवयींची माहिती मात्र त्याच्याबरोबर आली नाही.

भूमीचा प्रश्न

आष्टी तालुका बालाघाटच्या पठारी प्रदेशात आणि पर्जन्यछायेत मोडतो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून बनलेला काळा पाषाण ही येथील जमिनीची जननी आहे. माळावर मुरमाड, उथळ जमीन आणि सखल भागात चुनखडीयुक्त काळी माती, असे तिचे स्वरूप आहे. १९७२ चा दुष्काळ असो वा २०१२-१३ आणि २०१५-१६ ची टंचाई, पाण्याचा हिशेब येथे प्रत्येक निर्णयाच्या मुळाशी असतो.

ग्रेव्हिलियाच्या ऑस्ट्रेलियातील जमिनी याच्या उलट, बहुतांशी निचऱ्याच्या, आम्लधर्मी आणि स्फुरदाने अतिशय गरीब असतात. अशा जमिनीत जगण्यासाठी या कुलाने गुच्छमुळे विकसित केली. हेलन पर्नेल यांनी १९६० मध्ये त्यांचे शास्त्रीय वर्णन केले. या बारीक मुळांच्या झुपक्यांतून सेंद्रिय आम्ले पाझरतात आणि मातीत जखडलेला स्फुरद मोकळा होतो. स्फुरद जास्त मिळाला तरी त्याचे शोषण आवरण्याची क्षमता यांतील अनेक जातींत फारच कमी असते. परिणामी इतर पिकांना तारणारे खत या झाडांना मारक ठरते. हरितक्रांतीनंतर डीएपी आणि सुपर फॉस्फेट हेच निगेचे पर्याय ठरले. त्याच सवयीने झुडपाच्या आळ्यात मूठभर खत टाकले जाते, पाने करपतात आणि दोष हवामानाला दिला जातो.

लागवड व निगा

बागेसाठी अधिक योग्य जात म्हणजे ग्रेव्हिलिया बँक्सी. जोसेफ बँक्स यांच्या नावाची ही क्वीन्सलँडची जात ब्राऊनने १८१० मध्ये वर्णिली. साधारणतः दोन ते तीन मीटर उंचीचे हे झुडूप पिसासारख्या विभागलेल्या पानांचे असते. त्याला तांबड्या किंवा पिवळसर पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. या फुलांना खऱ्या पाकळ्या नसतात. बाहेर डोकावणारे लांब परागवाहिनीचे दांडेच तुऱ्याला शोभा देतात. मधुरस विपुल असल्याने पक्षी आकर्षित होतात.

वरील इतिहासाच्या प्रकाशात निगेची सूत्रे अशी मांडता येतात. जागा पूर्ण उन्हाची आणि वारा खेळता असावी. चिबड काळ्या मातीत खड्डा करून लावण्यापेक्षा मुरूम, वाळू आणि पालापाचोळ्याचे खत मिसळून उंचवटा करावा व त्यावर लागवड करावी. या दृष्टीने माळाची मुरमाड जमीन सखल भागातील भारी जमिनीपेक्षा सोयीची आहे, फक्त चुनखडीचा थर टाळावा. चुन्यामुळे लोह उपलब्ध होत नाही आणि शिरा हिरव्या राहून कोवळी पाने पिवळी पडतात. विंधनविहिरीच्या जड पाण्याने हा दोष वाढतो, म्हणून साठविलेले पावसाचे पाणी श्रेयस्कर. पहिली दोन वर्षे खोलवर पण अंतराने पाणी द्यावे. आळे सतत ओले ठेवणे म्हणजे लंडनच्या दमट काचघराची चूक पुन्हा करणे होय. स्फुरदयुक्त खत व कोंबडीखत टाळावे, बुंध्याभोवती खुरपणी करू नये आणि पाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. बहर संपल्यावर हलकी छाटणी पुरते.

दोन सावधगिरीच्या बाबी नोंदविणे आवश्यक आहे. या झुडपाच्या स्पर्शाने काहींना त्वचेची ॲलर्जी होते, म्हणून छाटणी करताना हातमोजे वापरावेत आणि बालवाडी वा शाळेच्या वाटेवर ते लावू नये. तसेच हवाई बेटांत ही जात उपद्रवी तण म्हणून घोषित आहे. त्यामुळे ती बागेपुरतीच ठेवावी. गायरानात वा वनजमिनीवर कडुनिंब, बाभूळ, बोर यांसारख्या देशी झाडांना तिने पर्याय ठरू नये.

निष्कर्ष

ग्रेव्हिलियाच्या दोन शतकांच्या प्रवासातून असे दिसून येते की, या झाडांचा घात बहुधा दुर्लक्षाने नव्हे तर चुकीच्या जिव्हाळ्याने झाला आहे. इंग्लंडमध्ये दमट उबेने आणि येथे खतापाण्याच्या अतिरेकाने तोच परिणाम घडला. नाव देणाऱ्याचे श्रेय ग्रंथांत नोंदले गेले, झाड जगविणाऱ्या माळ्याचे ज्ञान मात्र थोड्या पानांत राहिले आणि रोपाबरोबर पुढे गेले नाही. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे वाळून गेलेले प्रत्येक रोप म्हणजे वाया गेलेले पाणी होय. म्हणून महाविद्यालयांच्या आवारात परदेशी झुडूप लावताना त्याच्या नावाच्या पाटीबरोबर त्याच्या मूळ मातीची नोंदही असावी. इतिहास आणि वनस्पतिशास्त्र या दोन विभागांनी मिळून करावे असे हे काम आहे.