मालवणच्या पुळणीचा इतिहास

कोंकणभूमि परशुरामानें समुद्रास मागें हटवून मिळविली, ही कथा आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं आजीच्या मांडीवर ऐकिली असेल. शास्त्राची साक्ष काढावी तर ती नेमकी उलट निघते. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं, पृथ्वीवर हिमयुगाचा अंमल होता त्या वेळीं, समुद्राचें पाणी आजच्या पातळीहून सुमारें १२० मीटर खालीं होतें आणि कोंकणचा किनारा कित्येक कोस पश्चिमेस होता. पुढें बर्फ वितळलें, समुद्र चढत आला, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वीं तो स्थूलमानानें आजच्या जागीं येऊन थांबला. म्हणजे परशुरामानें जितकें मिळविलें त्याहून किती तरी अधिक आपण गमावून बसलों आहों! तथापि कथा अगदींच फोल आहे असें आम्हांस वाटत नाहीं. समुद्र थांबल्यानंतर लाटांनीं व नद्यांनीं मिळून जी वाळू किनाऱ्याशीं आणून घातली, ती जमीन खरोखरीच समुद्राकडून मिळालेली आहे. आणि ती कशी मिळाली हें पाहावयाचें तर मालवणास जावें.

शिवछत्रपतींनीं १६६४ सालच्या नोव्हेंबरांत सिंधुदुर्गाचा पाया घातला, तो कुरटे बेटाच्या खडकावर. पायाच्या दगडांत शिसें ओतलें असें सांगतात. हा किल्ला इंग्रजांनीं १७६५ सालीं घेतला, त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असें नांव दिलें, आणि पुढल्याच वर्षीं तो कोल्हापूरकरांस परत केला. या साऱ्याची नोंद इतिहासांत आहे. शेजारच्या पद्मगडाशीं वाळूनें जें केलें त्याची नोंद मात्र कोणा बखरकारानें घेतली नाहीं. पद्मगडही बेटच, पण ओहोटीच्या वेळीं दांडीच्या किनाऱ्यावरून तेथें पायीं जातां येतें. समुद्रावरून येणारी लाट बेटास अडते, दोन्ही बाजूंनीं वळते, आणि बेटाच्या मागें दोन्हीं अंगांच्या लाटा एकमेकींस भेटून हतबल होतात. जोरानें वाहणारें पाणी वाळू उचलतें, मंदावलेलें पाणी ती टाकतें. त्यामुळें बेट व किनारा यांच्यामध्यें वाळूचा दांडा तयार होतो. इतर घडामोडींचें मूळही बव्हंशीं याच एका नियमांत आहे.

पुळणीचें वर्ष आपल्या पंचांगाहून निराळें असतें. जून ते सप्टेंबर या महिन्यांतल्या उंच लाटा किनारा खरवडून वाळू आंत समुद्रांत नेतात; पुढें हिंवाळ्याच्या लहान, सावकाश लाटा तीच वाळू थोडथोडी परत आणतात. आम्ही एकदां आषाढांत मालवणास गेलों असतां जेथें पुरुषभर कडा तुटलेला पाहिला होता, तेथें माघांत पुनः रापण ओढली जात होती, आणि ओढणाऱ्यांस पाय रोवावयास भरपूर वाळू होती. भरतीचा हिशेब यांत मिसळावा लागतो. येथें उधाणाच्या वेळीं भरती-ओहोटीचें अंतर दोन मीटरांच्या आसपास असतें. अष्टमीच्या भांगाला तें पुष्कळ कमी होतें. वादळ भांगाला आलें तर पुळणीवर धडपडून जातें. तेंच अमावास्येच्या उधाणावर स्वार होऊन आलें तर माडांच्या मुळांस हात घालतें. कोळ्यांना हें कोणत्याही कॉलेजांत न जातां ठाऊक असतें.

परंतु या विषयाचा खरा ग्रंथ देवबाग येथें उघडा आहे. कर्ली नदी पूर्वेकडून येते, तारकर्लीपाशीं समुद्राच्या अगदीं जवळ पोंचते, आणि मग एकाएकीं दक्षिणेस वळून कांहीं मैल समुद्राशीं समांतर वाहते. मध्यें उरलेली चिंचोळी पट्टी म्हणजे तारकर्ली-देवबाग: एका हातास समुद्र, दुसऱ्या हातास नदी. तिरप्या येणाऱ्या लाटा किनाऱ्याच्या कडेनें वाळू सरकवीत राहिल्या, पट्टी दक्षिणेस वाढत गेली, आणि नदीस आपलें मुख पुढें पुढें न्यावें लागलें. मुखापाशींच्या वाळूच्या उंचवट्यास ‘सुनामी बेट’ म्हणतात व २००४ च्या सुनामीशीं त्याचा संबंध जोडतात. त्या वादांत आम्ही शिरत नाहीं. नदी आणि लाटा यांच्या झटापटीनें असे उंचवटे जेथें तेथें उठतात आणि मोडतातही.

या पट्टीवर माणसें राहतात, हीच अडचण. वाळूला स्थिर राहणें ठाऊक नाहीं आणि घराला सरकणें ठाऊक नाहीं. मुंबईस भरतीची मोजणी १८७८ पासून चालू आहे. उत्तर हिंदी महासागराची पातळी १८७४ ते २००४ या काळांत वर्षास सुमारें १ ते १·७ मिलिमीटर वाढली. १९९३ ते २०१५ या काळांत हाच वेग सुमारें ३·३ मिलिमीटर झाला. आंकडा क्षुल्लक दिसतो. पण तीस वर्षांत त्याचे दहा सेंटिमीटर होतात, आणि पुळणीचा उतार पन्नासांस एक धरला तर पाणी पांच मीटर आंत येतें. लाट जें तोडील तें वेगळें.

उपाय म्हणून दगडी बांध घालतात. घर वांचविणाऱ्यास आम्ही दोष देऊं शकत नाहीं. आमचें घर तेथें असतें तर आम्हीही दगडच मागितले असते. मात्र बांधावर आपटून परतणारी लाट त्याच्याच पायथ्याची वाळू ओढून नेते, आणि पुढें सरकणारा वाळूचा पुरवठा तुटल्यामुळें बांध संपतो तेथून पलीकडची जमीन अधिकच झिजते. खाडींतली वाळू बांधकामासाठीं उपसली कीं किनाऱ्याच्या पुरवठ्यांतली तीही शिल्लक कमी होते. मर्यादावेल मात्र उंच वाळूवर पसरून वाऱ्यानें आलेला कण न् कण धरून ठेवते. हॉटेलासाठीं पुळण सपाट करतांना पहिली तीच उपटली जाते. मागल्या खेपेस देवबागेंत एका बागाइतदारानें आम्हांस आपल्या हद्दीचा जुना दगड दाखविला. ओहोटी होती म्हणून तो दिसला.