बस्ता ते डोंगल: बीडच्या महसुली दप्तराची राखण

1948 पर्यंत बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. गावच्या जमिनीची आणि साऱ्याची नोंद वतनदार पटवारी ठेवी. कागद कापडात बांधले जात आणि तो बस्ता बहुधा पटवाऱ्याच्या घरीच राही. नोंदी उर्दूत किंवा मोडीत असत, वर्षे फसली सनात मांडलेली. बहुतेक खातेदारांना आपल्याच जमिनीचा कागद वाचता येत नसे. त्यामुळे दप्तराची सुरक्षितता एका माणसाच्या सचोटीवर उभी होती.

संस्थान भारतात विलीन झाल्यावर 1954-55 मध्ये खासरा पत्रक तयार झाले. मराठवाड्यात जमिनीच्या वादात आजही मूळ नोंद म्हणून ते काढले जाते. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 लागू झाली आणि सातबारा व फेरफाराची व्यवस्था तलाठ्याच्या हाती आली. कागदावरची खाडाखोड डोळ्यांना दिसे, शाईचा फरक ओळखू येई.

नोंदी संगणकावर गेल्यावर मात्र बदललेला आकडा मूळ आकड्यासारखाच दिसू लागला. हातची नोंद संगणकावर चढवताना चुकाही शिरल्या. त्या शोधण्यासाठी 2017 मध्ये राज्यभर चावडी वाचन झाले: गावकऱ्यांसमोर सातबारा वाचायचा आणि चूक तिथेच टिपायची. 1 मे 2018 पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला.

ई-फेरफार प्रणालीत एका हाताने नोंद पुरी होत नाही. खरेदीखत नोंदले की त्याची माहिती दुय्यम निबंधक कार्यालयातून तहसीलकडे जाते. तलाठी फेरफार घेऊन नमुना 9 ची नोटीस काढतो आणि मुदतीत हरकत न आल्यास मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. दोघांची लॉगिन वेगळी, दोघांचे डोंगल वेगळे.

हे डोंगल म्हणजे बोटाएवढी वस्तू, पण तिच्यात अधिकाऱ्याची सही असते. खरी अडचण इथेच येते. एका तलाठ्याकडे अनेक गावे, कधी दुसऱ्या सज्जाचा अतिरिक्त कार्यभार, त्यात वीज आणि नेटवर्कचा खोळंबा. काम उरकण्यासाठी डोंगल व पासवर्ड खासगी मदतनिसाच्या, लोकांच्या भाषेत ‘झिरो तलाठ्या’च्या, हाती गेले की दोन सह्यांची सारी रचना पोकळ होते. बदली झालेल्याचे लॉगिन चालू राहिले तरी धोका तोच.

नियम आहेत. माहिती तंत्रज्ञान कायदा 2000 चा आहे. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सायबर घटना 6 तासांत कळवायची आणि प्रणालीचे लॉग 180 दिवस जपायचे असतात. पण लॉग तपासायला तहसील पातळीवर प्रशिक्षित माणूस लागतो.

2023 मध्ये कुणबी जातीच्या नोंदींच्या शोधासाठी मराठवाड्यात जुनी उर्दू आणि मोडी दप्तरे पुन्हा उघडली गेली. शतकभरापूर्वीची एक ओळ आजच्या कुटुंबाचा हक्क ठरवू शकते, हे त्यातून दिसले. म्हणून मूळ कागद जपणे, डोंगल स्वतःकडेच ठेवणे आणि खातेदाराने आपला सातबारा वेळोवेळी ताडून पाहणे, ही तिन्ही कामे एकाच राखणीचा भाग आहेत.