हिवाळी ऑलिंपिक आणि उसने हिम

काही वर्षांपूर्वी साताऱ्यात शिक्षकांच्या एका शिबिरात बोलण्याचा योग आला. चहाच्या सुट्टीत वाई तालुक्यातील एका शिक्षकांनी त्यांच्या वर्गात घडलेला प्रसंग सांगितला. वेण्णा तलावाच्या काठी हिमकण पडल्याची बातमी वर्गात वाचून दाखवली तेव्हा सातवीतल्या एका मुलीने विचारले, "सर, महाबळेश्वरला बर्फ पडतो, मग आपल्याकडे हिवाळी ऑलिंपिक का भरवत नाहीत?" वर्ग हसला. सरही हसले. पण उत्तर काय द्यावे, हे त्यांना चटकन सुचले नाही. खरे तर मलाही सुचले नाही. सातारा जिल्हा आणि ऑलिंपिक म्हटले की आपल्याला कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी मिळवलेले कुस्तीचे कांस्यपदक आठवते. हिवाळी ऑलिंपिकचा विचार आपण कधी केलेलाच नसतो. तो करून पाहिला तेव्हा लक्षात आले, की हा इतिहास खेळाचा आहे तितकाच पाण्याचा आणि हवामानाचाही आहे.

वेण्णाकाठची पांढरी पहाट

प्रथम आपल्या घरच्या हिमाकडे पाहू. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून सुमारे १३५० मीटर उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीतील निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने आकाशाकडे सोडत राहते. ढग असते तर त्यांनी यातली बरीचशी उष्णता परत पाठवली असती, पण ढग नसतात. जमिनीलगतची हवा थंड होते, थंड हवा जड असते, म्हणून ती उतारावरून वाहत जाऊन वेण्णा तलाव आणि लिंगमळा यांसारख्या सखल जागी साचते. मग तलावाच्या धक्क्यावर, मोटारींच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठते. त्याच वेळी गावातील वेधशाळेचा तापमापक मात्र शून्याच्या बराच वर असतो.

हे हिम आकाशातून पडत नाही. थंडी जमिनीलगतच्या पातळ थरापुरतीच असते, डोक्यावरची हवा उबदार आणि कोरडी असते. सूर्य वर आला की तासाभरात सारे संपते. म्हणजे त्या मुलीच्या प्रश्नाचे पहिले उत्तर असे, की आपल्याकडे असते ते दहिवर. खेळांना लागतो तो हिमवर्षाव. पण गंमत अशी, की ज्यांच्याकडे हिमवर्षाव होतो त्यांनाही तो हवा त्या दिवशी मिळत नाही.

शामोनी आणि सेंट मॉरिट्झ

फ्रान्समधील शामोनी येथे २५ जानेवारी ते ५ फेब्रुवारी १९२४ या काळात 'हिवाळी क्रीडा सप्ताह' भरला. सोळा देशांनी त्यात भाग घेतला. तो यशस्वी झाल्यावर मागाहून त्यालाच पहिल्या हिवाळी ऑलिंपिकचा मान देण्यात आला. त्या वेळी संयोजनाचे गणित सोपे होते. डोंगर निसर्गाचा, हिम निसर्गाचे. माणसाने फक्त मैदान आखायचे.

हे गणित चारच वर्षांत चुकले. १९२८ साली स्वित्झर्लंडमधील सेंट मॉरिट्झ येथे ५० किलोमीटर स्कीइंगची शर्यत सकाळी कडाक्याच्या थंडीत सुरू झाली आणि दुपारपर्यंत तापमान सुमारे २५ अंश सेल्सिअसवर गेले. बर्फावरील १०,००० मीटर स्केटिंगची शर्यत बर्फ वितळल्यामुळे मध्येच रद्द करावी लागली. याला कारण होता आल्प्स पर्वतावरून उतरणारा 'फॉन' वारा.

फॉन वारा समजून घ्यायला आपल्याला आल्प्सपर्यंत जावे लागत नाही. बाष्पाने भरलेली हवा डोंगर चढते, थंड होते, बाष्पाचे पाणी होते आणि त्या वेळी बाहेर पडलेली उष्णता हवेतच राहते. पाऊस सांडून कोरडी झालेली हीच हवा पलीकडे उतरते तेव्हा दर किलोमीटरला सुमारे दहा अंशांनी तापते. पावसाळ्यात महाबळेश्वरला हजारो मिलिमीटर पाऊस पाडून माण, खटाव, आटपाडी, जत या तालुक्यांवर कोरडे पोहोचणारे वारे याच नियमाने वागतात. आपण त्याला पर्जन्यछाया म्हणतो. आपल्याकडे ज्या भौतिकीने शेते कोरडी राहतात, तिनेच सेंट मॉरिट्झचा बर्फ वितळवला.

पाठीवरून वाहिलेले हिम

१९६४ साली ऑस्ट्रियातील इन्सब्रुक येथे स्पर्धेच्या वर्षी हिवाळा विलक्षण कोरडा गेला. तेव्हा ऑस्ट्रियाचे सैन्य कामाला लागले. घसरगाडीच्या मार्गासाठी बर्फाच्या २०,००० लाद्या डोंगरावरून कापून आणण्यात आल्या आणि स्कीइंगच्या उतारांवर ४०,००० घनमीटर हिम वाहून नेण्यात आले. सैनिकांनी ते हातापायांनी दाबून बसवले. हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा पहिला सहभाग याच स्पर्धेतला. पोलिश वंशाचे जेरेमी बुजाकोव्स्की तिथे भारतातर्फे उतरले होते.

यातली नियोजनाची खरी अडचण विद्यार्थ्यांना सांगण्यासारखी आहे. हिवाळी ऑलिंपिकचे यजमानपद पूर्वापार साधारण सात वर्षे आधी ठरत आले आहे. हवेचा भरवशाचा अंदाज मात्र जेमतेम सात दिवसांचा असतो. म्हणून संयोजक 'हवे'वर नव्हे तर 'हवामाना'वर, म्हणजे अनेक वर्षांच्या सरासरीवर भिस्त ठेवतात. सरासरी हिवाळा चांगला असला, तरी स्पर्धा सरासरी हिवाळ्यात भरत नाही. ती एका विशिष्ट हिवाळ्यात भरते. पेरणीच्या वेळी आपला शेतकरी नेमका याच पेचात असतो.

हिमाची तोफ

या पेचातून सुटण्याचा मार्ग १९५० साली अमेरिकेतील कनेटिकट राज्यात सापडला. त्या भागात हिम न पडल्याने स्की तयार करणाऱ्या कारखान्याचा धंदा बसला होता. वेन पियर्स आणि त्यांच्या दोन साथीदारांनी रंग फवारण्याचा कॉम्प्रेसर, बागेला पाणी घालायची रबरी नळी आणि एक तोटी एवढ्या साहित्यावर थंड रात्रीच्या हवेत पाण्याचा बारीक फवारा सोडला. खाली पडले ते हिम!

यामागचे विज्ञान आपल्या माठातले आहे. एक ग्रॅम पाणी गोठताना ८० कॅलरी उष्णता बाहेर टाकते. ही उष्णता कुणीतरी नेली पाहिजे. काही भाग थंड हवा नेते, काही भाग बाष्पीभवन नेते. एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे ६०० कॅलरी लागतात. म्हणजे फवाऱ्यातील एक ग्रॅम पाणी वाफ होऊन गेले, तर शून्य अंशाला आलेले सात ग्रॅम पाणी गोठू शकते. त्यामुळे हिम तयार होईल की नाही, हे नुसत्या तापमानावर ठरत नाही. ते ओल्या फुग्याच्या तापमापकावर ठरते. तो साधारण उणे दोनच्या खाली असला की काम सुरू करता येते. हवा कोरडी असेल, तर साधा तापमापक शून्याच्या थोडा वर असतानाही हिम पडते. हवा दमट असेल तर शून्य अंशालाही नुसता चिखल होतो.

आणखी एक अडचण असते. शुद्ध पाण्याचे सूक्ष्म थेंब शून्याखालीही न गोठता तसेच राहतात. गोठण्याची सुरुवात करायला त्यांना एखादे बीज लागते. वनस्पतींच्या पानांवर राहणाऱ्या 'स्यूडोमोनास सिरिंजी' या जिवाणूच्या पृष्ठभागावरील प्रथिन हे काम उत्तम करते. हाच जिवाणू पिकांवर दहिवर पाडून नुकसान करतो. हिम बनवणाऱ्यांनी हे प्रथिन पाण्यात मिसळायला घेतले. उलट, त्यातील हा गुण काढून टाकलेला जिवाणू १९८७ साली कॅलिफोर्नियात स्ट्रॉबेरीच्या शेतावर फवारून पिकाचे रक्षण होते का, हे पाहिले गेले. एकाला दहिवर हवे, दुसऱ्याला नको. महाबळेश्वर-पाचगणीच्या स्ट्रॉबेरी उत्पादकांना यातली दुसरी बाजू चांगली कळेल.

१९८० साली अमेरिकेतील लेक प्लॅसिड येथे हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम हिम वापरले गेले. पुढे ते नेहमीचेच झाले. २०१० साली कॅनडातील व्हँकुव्हरला एका डोंगरावर ट्रक आणि हेलिकॉप्टर यांनी हिम आणावे लागले. २०१४ साली रशियातील सोची या उबदार किनाऱ्यावरच्या शहरासाठी आदल्या हिवाळ्याचे हिम उष्णतारोधक आच्छादनाखाली वर्षभर साठवून ठेवण्यात आले होते.

'नको' म्हणणारे यजमान

या साऱ्यात एक वेगळा प्रसंग आहे. १९७६ चे हिवाळी ऑलिंपिक अमेरिकेतील डेन्व्हर शहराला मिळाले होते. पण खर्च वाढत चालला आणि डोंगरांचे काय होणार, हा प्रश्न लोक विचारू लागले. नोव्हेंबर १९७२ मध्ये कोलोरॅडो राज्यात मतदान झाले. सुमारे ६० टक्के मतदारांनी स्पर्धेसाठी सार्वजनिक पैसा द्यायला नकार दिला. डेन्व्हरने मिळालेले यजमानपद परत केले आणि स्पर्धा पुन्हा इन्सब्रुकला भरली. यजमान ठरवताना ज्यांच्या अंगणात मांडव पडणार त्यांना विचारले पाहिजे, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

बीजिंग आणि आपला माण

२०२२ साली बीजिंगला झालेल्या स्पर्धेत स्कीइंगचे उतार जवळजवळ पूर्णपणे कृत्रिम हिमाचे होते. कारण साधे आहे. तिथे थंडी भरपूर, पण पाऊसमान वर्षाला पाचशे-सहाशे मिलिमीटर, तेही बहुतेक उन्हाळी महिन्यांत. आपल्या माण-खटावच्या पावसाशी तुलना करावी असेच हे आकडे आहेत. संयोजकांच्या अंदाजानुसार हिमासाठी सुमारे १८.५ कोटी लिटर पाणी लागणार होते. काही अभ्यासकांचे अंदाज याच्या कित्येक पट होते. आपण कमीत कमी आकडा धरून हिशेब करू.

एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी गेले, ते अनेकांना आठवत असेल. पहिल्या गाडीत १० वाघिणी आणि सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. नंतरच्या ५० वाघिणींच्या गाडीत सुमारे २५ लाख लिटर. या हिशेबाने बीजिंगच्या हिमासाठी मिरजेच्या ७४ गाड्या लागल्या असत्या. माणशी रोज ५५ लिटर धरले, तर पाच हजार वस्तीच्या गावाला हे पाणी पावणेदोन वर्षांहून अधिक पुरते.

आकडा ऐकून राग येतो. पण विज्ञानाच्या शिक्षकाने इथे थांबू नये. हेच पाणी कोयना धरणाच्या मापाने मोजून पाहू. कोयनेची क्षमता सुमारे १०५ टीएमसी. एक टीएमसी म्हणजे साधारण २८३२ कोटी लिटर. म्हणजे बीजिंगचे सारे हिम एका टीएमसीच्या एक टक्काही भरत नाही. ऊस पाटपाण्यावर घेतला, तर हेक्टरी दोन ते अडीच कोटी लिटर पाणी लागते. त्या हिशेबाने हे हिम म्हणजे आठ-नऊ हेक्टर उसाचे पाणी. सांगली-साताऱ्याच्या कृष्णाकाठी असे आठ-नऊ हेक्टर एका नजरेत मावतात.

मग खरे काय? दोन्ही खरे. पाणी किती लागले, एवढ्याने प्रश्न सुटत नाही. ते कुठून, कोणत्या महिन्यात आणि कुणाच्या वाट्याचे घेतले, हे विचारावे लागते. कोरड्या डोंगरावर भर हिवाळ्यात उपसलेले थोडे पाणीही भारी पडते. टेंभू, ताकारी, म्हैसाळ योजनांचे पाणी दुष्काळी तालुक्यांत चढवताना विजेचे बिल कोण भरणार, ही चर्चा ज्यांनी ऐकली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको.

पुढचे हिवाळे

कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२२ साली पूर्वीच्या २१ यजमान ठिकाणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. हरितगृह वायूंचे उत्सर्जन असेच वाढत राहिले, तर शतकाच्या अखेरीस त्यांपैकी केवळ एका ठिकाणी, जपानमधील सप्पोरो येथे, भरवशाने स्पर्धा घेता येईल. पॅरिस कराराची उद्दिष्टे पाळली, तर आठ ठिकाणे टिकतील. आपल्या देशातही याची चाहूल लागली आहे. जानेवारी २०११ मध्ये डेहराडून आणि औली येथे दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धा झाल्या. औलीचा रोपवे जिथून निघतो त्या जोशीमठात जानेवारी २०२३ मध्ये जमीन खचून घरांना तडे गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये गुलमर्गच्या 'खेलो इंडिया' हिवाळी स्पर्धा पुरेशा हिमाअभावी मार्चपर्यंत पुढे ढकलाव्या लागल्या.

वर्गात करून पाहा

डिसेंबर-जानेवारीत पहाटे तीन तापमापक घ्या. एक उघड्या जमिनीवर ठेवा, दुसरा छातीइतक्या उंचीवर टांगा, तिसऱ्याच्या फुग्याला ओले फडके गुंडाळून तोही दुसऱ्याशेजारी टांगा. महिनाभर नोंदी ठेवा. साताऱ्याच्या शाळेने त्या सांगलीच्या शाळेला पाठवाव्यात, सांगलीने साताऱ्याला. जमिनीवरचे आणि उंचीवरचे तापमान कोणत्या रात्री सर्वांत वेगळे असते, ढग असताना काय होते, ओल्या फुग्याचे तापमान नदीकाठी आणि माळावर किती खाली जाते, हे मुलांनीच शोधावे.

शिबिरातल्या त्या शिक्षकांना मी नंतर पत्राने एवढेच कळवले, की तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न हसण्यासारखा नव्हता. जगातल्या मोठमोठ्या शहरांच्या संयोजन समित्याही आज तोच प्रश्न विचारत आहेत: आपल्याकडे हिम राहील का, आणि नसेल तर ते कुणाच्या पाण्यातून आणायचे?