अकाली जन्मलेल्या बाळांची स्पर्श व स्थिती शुश्रूषा

अकाली जन्मलेल्या बाळांची स्पर्श व स्थिती शुश्रूषा म्हणजे गर्भावस्थेचे ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मलेल्या बाळाला नवजात अतिदक्षता विभागात कसे हाताळावे, हाताचा आधार कसा द्यावा आणि कोणत्या स्थितीत निजवावे यासंबंधीची परिचर्या होय. बाळाला स्थिर हातांनी वेढून धरणे, वेदनादायक उपचाराच्या वेळी त्याचे हातपाय दुमडून जवळ घेणे, दुपट्याच्या गुंडाळ्यांचे घरटे करून त्यात निजवणे आणि आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर ठेवणे (कांगारू मातृशुश्रूषा) या तिच्या प्रमुख पद्धती आहेत. ही शुश्रूषा श्वसनयंत्र, औषधे किंवा शिरेतून दिले जाणारे पोषण यांची जागा घेत नाही. ती त्यांच्यासोबत केली जाते.

२०२० साली जगात सुमारे १ कोटी ३४ लाख बाळे अकाली जन्मली, असा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे ३० लाख भारतात जन्मली. ही संख्या कोणत्याही एका देशातील सर्वाधिक होती.

गर्भाशय आणि अतिदक्षता विभाग

गर्भाच्या ज्ञानेंद्रियांत स्पर्शाची संवेदना सर्वांत आधी विकसित होते. गर्भावस्थेच्या साधारण आठव्या आठवड्यापासून ओठांभोवतीचा भाग स्पर्शाला प्रतिसाद देऊ लागतो. ऐकणे पुष्कळ नंतर येते आणि दृष्टी सर्वांत शेवटी. २६ किंवा २८ आठवड्यांच्या बाळाची दृष्टी अपक्व असली, तरी स्पर्श आणि वेदना त्याला जाणवतात.

गर्भाशयात बाळ कोमट पाण्यात तरंगत असते. हात किंवा पाय लांब केला की तो गर्भाशयाच्या भिंतीला लागतो आणि पुन्हा आत वळतो. शेवटच्या दोन-तीन महिन्यांत जागा अपुरी पडत जाते आणि बाळ आपोआप मुटकुळे करून राहते. याच काळात स्नायूंचा ताण वाढतो आणि हात तोंडापाशी आणण्याची, पाय पोटाशी घेण्याची सवय लागते. अकाली जन्मलेल्या बाळाला हा काळ मिळत नाही. त्याचे स्नायू सैल असतात आणि सपाट गादीवर ठेवल्यास गुरुत्वाकर्षणामुळे हातपाय दोन्ही बाजूंना पसरून बेडकासारखी स्थिती होते. आठवडेच्या आठवडे असे पडून राहिल्यास खांदे मागे खेचलेले आणि मांड्या बाहेर वळलेल्या राहण्याची शक्यता असते. कवटी मऊ असल्यामुळे डोके दोन्ही बाजूंनी चपटे आणि लांबट होऊ शकते.

अतिदक्षता विभागातील स्पर्श बहुतेक उपचाराचा असतो. टाच टोचून रक्त घेणे, सलाइनसाठी शीर शोधणे, नळी बदलणे, त्वचेला चिकटवलेली पट्टी काढणे ही कामे दिवसातून अनेकदा करावी लागतात. बाळाची त्वचा इतकी पातळ असते की पट्टी काढताना तिचा वरचा थर सोलून निघू शकतो. त्यातच यंत्रांचे भोंगे आणि प्रखर दिवे असतात. विभागातील आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये अशी अमेरिकन बालरोग अकादमीची शिफारस आहे; प्रत्यक्षात इन्क्युबेटरचे दार जोरात लावले तरी आतील आवाज त्याच्या कितीतरी पुढे जातो.

इतिहास

पॅरिसमधील प्रसूतितज्ज्ञ पिएर ब्युदँ यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अकाली बाळांसाठी उष्णतेच्या पेट्या वापरल्या. मात्र आईला बाळापासून दूर ठेवले तर तिचे त्याच्यावरील लक्ष उडते, हेही त्यांनी नोंदवले आणि मातांना पेटीजवळ येऊ दिले. पुढच्या काळात पेटी जगभर गेली, आईविषयीचा आग्रह मागे पडला. संसर्गाच्या भीतीने विसाव्या शतकाच्या बऱ्याच मोठ्या भागात आईवडिलांना बाळ काचेआडूनच दाखवले जाई. मराठीत ‘बाळाला पेटीत ठेवले आहे’ या वाक्याला आजही जी धास्ती चिकटलेली आहे, तिचे मूळ काही अंशी या ताटातुटीत आहे.

१९८० साली लाँग, फिलिप आणि ल्युसी या अमेरिकी संशोधकांनी दाखवून दिले की अकाली बाळांच्या रक्तातील प्राणवायू घसरण्याचे बरेच प्रसंग हाताळणीच्या वेळीच घडतात. यातून ‘किमान हाताळणी’चे धोरण रुजले. ते आवश्यक होते, परंतु त्याचा एक अनिष्ट अर्थही लावला गेला. उपचारासाठी होणारा स्पर्श टाळता येत नसल्याने कात्री लागली ती आईच्या स्पर्शाला.

वेदनेविषयीचा समज बदलण्यास आणखी काही वर्षे लागली. नवजात बाळाची मज्जासंस्था अपक्व असल्याने त्याला वेदना फारशा होत नाहीत, असे मानून शस्त्रक्रियाही अपुऱ्या भुलीवर केल्या जात. भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजित सिंग आनंद यांनी इंग्लंडमधील ऑक्सफर्ड येथे केलेल्या अभ्यासात फेंटानिल हे वेदनाशामक मिळालेल्या अकाली बाळांमध्ये शस्त्रक्रियेनंतरची ताणसंप्रेरके आणि गुंतागुंत कमी आढळली. हा अभ्यास १९८७ साली प्रसिद्ध झाला.

दरम्यान बॉस्टन येथील मानसशास्त्रज्ञ हायडेलीझ आल्स यांनी १९८२ मध्ये असा सिद्धान्त मांडला की अकाली बाळ आपल्या हालचालींतून, रंगातून आणि श्वासातून सतत काही सांगत असते आणि परिचर्या त्यानुसार ठरवता येते. त्यावर आधारलेला कार्यक्रम ‘निडकॅप’ या नावाने ओळखला जातो. १९८६ मध्ये टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी प्रकृती स्थिर झालेल्या अकाली बाळांना दहा दिवस, दिवसातून तीनदा, प्रत्येकी १५ मिनिटे मालिश व हातपायांचे हलके व्यायाम दिले; त्या बाळांचे वजन रोज सरासरी ४७ टक्के अधिक वाढले.

आधारस्पर्श

या शुश्रूषेतील सर्वांत साधी आणि सर्वाधिक चुकीची समजली जाणारी कृती म्हणजे स्थिर हाताचा आधार. प्रेमाने बाळाला कुरवाळावे, पाठीवरून बोटे फिरवावीत, थोपटावे असे कोणालाही वाटते. परंतु ३० आठवड्यांच्या आतील बाळाला हलका, फिरता स्पर्श बहुधा त्रासदायक ठरतो. ते दचकते, हातपाय ताणते, कधी श्वास रोखते. त्याउलट न हलणारा, किंचित भार असलेला उबदार तळहात त्याला शांत करतो. असा हात गर्भाशयाच्या भिंतीसारखी सीमा पुरवतो, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते.

पद्धत अशी : हात धुऊन, कोरडे करून, चोळून ऊब आणावी. बाळाशी हळू आवाजात बोलून मग एक हात डोक्याच्या माथ्याभोवती आणि दुसरा हात पावलांखाली किंवा दुमडलेल्या पायांवर ठेवावा. दाब न देता हात तसेच राहू द्यावेत. श्वास संथ होईपर्यंत, बोटे सैल होईपर्यंत थांबावे. हात काढतानाही एकेक करून, सावकाश काढावेत. दोन्ही हात एकदम उचलल्यास बाळ दचकून जागे होते. कामाच्या घाईत ही शेवटची पायरीच बहुधा गाळली जाते.

टाच टोचताना किंवा घशातील स्राव ओढताना हीच कृती ‘दुमडून धरणे’ या स्वरूपात केली जाते. परिचारिका उपचार करत असताना दुसरी व्यक्ती, शक्य असल्यास आई किंवा वडील, बाळाला कुशीवर घेऊन त्याचे हात चेहऱ्याजवळ आणि गुडघे पोटाजवळ धरून ठेवते. १९९५ मध्ये कॉर्फ आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात असे धरलेल्या बाळांचे टाच टोचल्यानंतरचे हृदयाचे ठोके कमी वाढले, रडणे लवकर थांबले आणि झोप कमी मोडली. आईच्या दुधाचे किंवा साखरेच्या द्रावणाचे काही थेंब जिभेवर दिल्यास लहान उपचारांतील वेदना आणखी कमी होते. मोठ्या वेदनेसाठी मात्र औषधच द्यावे लागते.

स्पर्श कधी थांबवावा, हे बाळाकडे पाहून कळते. बोटे फाकणे, पंजा चेहऱ्यासमोर उभारणे, पाठीची कमान करणे, त्वचेवर चट्ट्यांसारखा रंग दिसणे, उचक्या, शिंका आणि वारंवार जांभया ही थकव्याची लक्षणे मानतात. जांभई पाहून ‘झोप आली’ असे घरचे लोक म्हणतात. या बाळांत ती ‘आता पुरे’ अशीही खूण असू शकते. हात तोंडाकडे नेणे, बोट घट्ट धरणे, चोखण्याची हालचाल करणे या खुणा बाळ सावरल्याच्या आहेत.

शरीरस्थिती

बाळाचे डोके, मान आणि धड एका रेषेत, खांदे पुढे, हात चेहऱ्यापाशी आणि कंबर व गुडघे दुमडलेले असावेत, हे स्थिती देण्याचे सर्वसाधारण सूत्र आहे. त्यासाठी दुपटे किंवा टॉवेल गुंडाळून बाळाभोवती अंडाकृती कडे करतात, त्याला घरटे म्हणतात. पाय ताणल्यावर ते कड्याला टेकले पाहिजेत, परंतु बाळाला हालचालच करता येणार नाही इतके ते घट्ट नसावे. विकत मिळणाऱ्या महागड्या उशांची गरज नसते. धुतलेल्या सुती कापडाने हे काम उत्तम होते.

श्वसनयंत्रावरील बाळांना पालथे ठेवल्यास रक्तातील प्राणवायू किंचित सुधारतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. त्या वेळी छातीखाली अरुंद गादी देतात, म्हणजे खांदे पुढे येतात. कुशीवर हात तोंडाशी आणणे सोपे जाते. अत्यंत कमी दिवसांच्या बाळाचे डोके पहिले तीन दिवस मध्यरेषेत ठेवण्याची पद्धत अनेक ठिकाणी पाळली जाते. मेंदूतील रक्तस्राव त्यामुळे कमी व्हावा ही अपेक्षा असते, परंतु त्याचा पुरावा अद्याप पुरेसा नाही. दर काही तासांनी स्थिती बदलतात आणि शक्यतो ती इतर कामांबरोबर बदलतात, जेणेकरून झोप पुन्हा मोडू नये.

कांगारू मातृशुश्रूषा

कोलंबियाची राजधानी बोगोता येथील माता-बाल संस्थेत १९७८ साली इन्क्युबेटर अपुरे पडत होते आणि एका पेटीत एकाहून अधिक बाळे ठेवावी लागत होती. डॉ. एडगर रे सानाब्रिया यांनी, आणि पुढे डॉ. हेक्टर मार्टिनेझ यांनी, स्थिर झालेली बाळे आईच्या छातीवर उभी बांधून ठेवण्यास सुरुवात केली. अडचणीतून निघालेला हा मार्ग गरीब देशांपुरताच आहे, असा समज कित्येक वर्षे होता.

बाळाला केवळ लंगोट, टोपडे आणि मोजे घालून आईच्या स्तनांच्या मध्ये उभे ठेवतात. डोके एका बाजूला वळवून हनुवटी किंचित वर ठेवतात, म्हणजे श्वासमार्ग मोकळा राहतो. पाय बेडकासारखे पण दुमडलेले राहतात आणि कापडी पट्ट्याने दोघांना एकत्र बांधतात. आईच्या त्वचेचे तापमान बाळाच्या गरजेप्रमाणे बदलते, दूध लवकर येते आणि बाळाला तिचा वास व हृदयाचे ठोके मिळतात. आई आजारी असल्यास वडील, आजी किंवा मावशीही हे करू शकतात.

या पद्धतीचा सर्वांत निर्णायक पुरावा २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथे केलेल्या चाचणीत १ ते १.८ किलोपेक्षा कमी वजनाची ३,२११ बाळे होती. भारतातील केंद्र दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय होते. एका गटात बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू शुश्रूषा सुरू झाली आणि ती दिवसाला सुमारे १७ तास मिळाली. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण त्या गटात १२ टक्के, तर नेहमीच्या उपचारांच्या गटात १५.७ टक्के होते. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवण्यात आली. त्यानंतर २०२२ मध्ये संघटनेने जन्मानंतर शक्य तितक्या लवकर, दिवसाला ८ ते २४ तास कांगारू शुश्रूषा देण्याची शिफारस केली. बोगोतातील मूळ चाचणीतील मुलांची वीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली, तेव्हा कांगारू गटात अतिचंचलता व आक्रमकता कमी आढळली.

अन्य पद्धतींचा पुरावा इतका भक्कम नाही. दुमडून धरण्याने वेदनेची लक्षणे कमी होतात, हे बऱ्यापैकी सिद्ध झाले आहे. निडकॅपविषयी मात्र २०१३ मध्ये ओल्सन आणि जेकब्स यांनी केलेल्या एकत्रित विश्लेषणात दीर्घकालीन विकासावर लाभ दिसला नाही. त्यावर वाद झाला.

महाराष्ट्र आणि भारत

मुंबईतील सायन येथील लोकमान्य टिळक महानगरपालिका रुग्णालयाचा नवजात विभाग या विषयात अग्रगण्य राहिला आहे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये येथेच आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू केली. याच विभागाने २००५ मध्ये कांगारू शुश्रूषेवरील चाचणी प्रसिद्ध केली. कांगारू गटातील बाळे थंड पडण्याचे प्रमाण त्यात कमी होते. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात खोबरेल तेलाच्या मालिशने अकाली बाळांचे वजन खनिज तेलाच्या तुलनेत अधिक वाढलेले दिसले.

मालिशचा प्रश्न महाराष्ट्रात विशेष महत्त्वाचा आहे, कारण बाळंतिणीला व बाळाला न्हाऊ-माखू घालणारी बाई ही अनेक घरांत आजही विश्वासाची व्यक्ती आहे. पूर्ण दिवसांच्या बाळाला केले जाणारे रगडणे, नाक ओढणे, डोके दाबून गोल करणे किंवा पाय धरून उलटे करणे अकाली बाळाला घातक ठरू शकते. अतिदक्षता विभागातील अस्थिर बाळाला मालिश करतच नाहीत. प्रकृती स्थिर झाल्यावर, डॉक्टरांच्या सल्ल्याने, हलक्या हाताने तेल लावता येते. मोहरीच्या तेलाने त्वचेच्या संरक्षक थराला इजा होत असल्याचे प्रयोगांत आढळल्याने ते टाळतात.

भारत सरकारने २०१४ मध्ये कांगारू शुश्रूषेची आणि २०१७ मध्ये कुटुंब-सहभागी परिचर्येची मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. दुसरीची चाचणी दिल्लीच्या डॉ. राममनोहर लोहिया रुग्णालयात झाली होती. हात धुणे, बाळाच्या खुणा ओळखणे, स्वच्छता राखणे, दूध पाजणे आणि कांगारू स्थिती देणे हे त्यानुसार आईवडिलांना शिकवले जाते. प्रत्यक्षात मोठा अडसर जागेचा असतो. आईला बसायला आरामखुर्ची नाही, झोपायला खाट नाही आणि प्रसूतीनंतर ती दुसऱ्या मजल्यावरील वॉर्डात आहे, अशा स्थितीत दिवसाला आठ तास कोठून काढायचे? सफदरजंग रुग्णालयातील चाचणीसाठी म्हणूनच आईची खाट बाळाच्या विभागातच मांडण्यात आली होती.

घरी जाण्यापूर्वी

पालथी किंवा कुशीवरची स्थिती रुग्णालयात सुरक्षित असते, कारण श्वास व हृदयाचे ठोके यंत्रावर सतत दिसत असतात. घरी ते नसते. म्हणून प्रकृती स्थिर झाल्यावर, घरी जाण्याच्या पुरेसे आधीपासून, बाळाला उताणे झोपण्याची सवय लावतात आणि घरटे काढून टाकतात. घरी बाळ झोपेल ती गादी सपाट व टणक असावी आणि तिच्यावर उशी, लोड किंवा सैल गोधडी नसावी. झोळीत किंवा खोलगट पाळण्यात हनुवटी छातीला टेकून श्वासमार्ग दबण्याचा धोका अकाली बाळात अधिक असतो. जागे असताना, कोणीतरी जवळ बसून, थोडा वेळ पालथे ठेवणे मानेच्या व खांद्याच्या स्नायूंसाठी चांगले. कांगारू शुश्रूषा घरीही चालू ठेवतात. बाळाचे वजन साधारण अडीच किलोच्या आसपास पोचले की ते स्वतःच वळवळून, पाय झाडून छातीवरून निसटू पाहते आणि तेव्हा ती थांबवली जाते.